कडेचं पाणी

ॲपल बटरमध्ये लोण्याचा थेंबही नसतो. हे मला पेनसिल्वेनियातल्या पहिल्याच हिवाळ्यात कळलं आणि थोडं फसवल्यासारखं वाटलं. शेजारच्या आजींनी दिलेली बरणी उघडली, तर आत च्यवनप्राशाच्या रंगाचं काहीतरी. बोटाने चाटून पाहिलं. आधी दालचिनी, मग लवंग, आणि बऱ्याच वेळाने, सावकाश, सफरचंद. पावाला लोण्यासारखं फासता येतं म्हणून बटर, एवढंच.

च्यवनप्राश आठवला तो काही अगदीच उगाच नव्हे. इथले जुने जर्मन वंशाचे लोक याला 'लाटवारिक' म्हणतात. शब्द मागे मागे नेला की लॅटिनमधल्या 'इलेक्चुआरियम'पाशी पोचतो, म्हणजे मधात किंवा पाकात कालवलेलं औषधी चाटण. आपला अवलेहच. औषधाचं खाऊत रूपांतर कधी झालं कोण जाणे, पण आजी अजूनही ते पावावर चक्क्यासारख्या ताज्या चीजबरोबर खातात आणि 'पोटाला बरं असतं' असं वर सांगतात.

आमचं घर ॲडम्स काउंटीत, गेटिसबर्गपासून जवळ. बाहेरच्यांना हा भाग १८६३च्या लढाईमुळे ठाऊक. इथल्या माणसांच्या बोलण्यात मात्र लढाईपेक्षा सफरचंदं जास्त. ऑक्टोबरच्या पहिल्या दोन शनिवार-रविवारी सफरचंदांची मोठी जत्रा भरते. यॉर्क इम्पीरियल नावाची एक जात शेजारच्या यॉर्कचीच. फळ एका बाजूला कललेलं, जणू झाडावरच कुणीतरी खांद्याने ढकललंय. दिसायला बेढब म्हणून दुकानात मागे पडतं, पण शिजवायला आजींना तेच लागतं.

आजींच्या ओळखीने एकदा एका चर्चच्या अंगणात पहाटे गेले. आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून सफरचंदं सोलून चिरून ठेवली होती. या फोडींना 'श्निट्स' म्हणतात. लाकडाच्या जाळावर तांब्याचं अवाढव्य भांडं, गुऱ्हाळावरची काहील आठवावी असं. आत सफरचंदाचा ताजा रस उकळत होता. तो निम्म्याच्या आसपास आला की त्यात फोडी. भांड्याला आतून कल्हई नव्हती. माझी आई असती तर तिथूनच परत फिरली असती. तांब्यात आंबट शिजवायचं म्हणजे काय! पण एक आजोबा व्हिनेगर आणि मीठ घेऊन भांडं आरशासारखं लखलखेपर्यंत घासताना मी स्वतः पाहिले होते. आपण देवाची तांब्याची भांडी चिंच-मिठाने घासतो, तसंच. जाळावरून उतरवलं की माल भांड्यात क्षणभरही राहू द्यायचा नाही, हा दुसरा नियम. तांबं आणि आंबट यांचं जमत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी फक्त कल्हईऐवजी घाई निवडली होती.

ढवळायचं ते वल्ह्याने. लांब दांडा, टोकाला आडवी जोडलेली लाकडी फळी, फळीला भोकं. दांडा लांब कशासाठी, हे मला विचारावं लागलं नाही. दुपारनंतर रस दाटला आणि बुडबुडे फुटायला लागले, तेव्हा मनगटावरचा एक जुना पांढरा डाग आपोआप आठवला.

तो डाग रत्नागिरीचा. मिरगाआधीच्या त्या शेवटच्या आठवड्यात आमच्या मागीलदारी हापूसचा रस आटवायला ठेवत. पातळ असताना रस गरीब असतो. दाटला की खवळतो, फटाफट शिंतोडे उडवतो आणि कातडीला चिकटूनच बसतो. मी दहा-अकरा वर्षांची असेन. 'जरा धर गं कालथा,' म्हणून आई आत गेली आणि मी धरला. त्यानंतर रस आटवायच्या दिवशी मी कायम शेजारच्या घरी अभ्यासाला जात असे.

म्हणजे मला ते काम येत नव्हतं, फक्त येतं असं वाटत होतं. इथे आल्यावर तिसऱ्या वर्षी, डब्यातला रस आणि साखर घेऊन मी उन्हाळ्यात रस आटवला, लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत गरमगरम भरला, झाकणं घट्ट लावली आणि बरण्या उपड्या ठेवल्या. कुणीतरी सांगितलं होतं की उपडी ठेवली की टिकते. डिसेंबरात पाहुणे आले म्हणून एक काढली, तर झाकण मधोमध फुगलेलं. उघडताना सोड्याच्या बाटलीसारखा आवाज आला. आंबा आंबला होता, असं पाहुण्यांना सांगून हशा मिळवला आणि सगळ्या बरण्या टाकून दिल्या.

आजींना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्या हसल्या नाहीत. त्यांनी कपाटातून सरकारी पुस्तिका काढली. डाग पडलेली, कडा कुरतडलेली. मला त्या पुस्तिकेचा आधी रागच आला होता. आठ पौंड सफरचंदं, सव्वादोन कप पांढरी साखर, तेवढीच तपकिरी, बरणीच्या तोंडाशी पाव इंच मोकळी जागा. स्वयंपाक आहे की औषधशाळा? पण माप कशासाठी ते एकदा समजून घेतल्यावर राग टिकेना. नुसत्या उकळण्याने सगळेच जंतू मरत नाहीत. बोट्युलिझमच्या जंतूंची बीजं उकळत्या पाण्यातूनही जगतात आणि हवा नसलेल्या बंद बरणीतच त्यांचं फावतं. त्यांना अडवतो तो आंबटपणा. पीएच ४.६ ही वेस. सफरचंद तिच्या बरंच आत, साधारण साडेतीनच्या आसपास. आंबा जितका पिकेल तितका वेशीकडे सरकतो, म्हणून त्यात लिंबू पिळायचं. बरण्या उकळत्या पाण्यात बुडवून ठेवायच्या त्या समुद्रसपाटीपासून हजार फुटांच्या आत राहत असाल तर पाच मिनिटं, त्याहून उंचावर किमान दहा. उंचावर पाणी कमी तापमानालाच उकळतं, हे शाळेत शिकलेलं वाक्य पहिल्यांदाच माझ्या कामी आलं.

या ऑक्टोबरात निम्मं प्रमाण घेतलं. संध्याकाळी मावळतीला घातलेलं मिश्रण साडेनऊला रटरटत होतं, कालथा तळावरून फिरवला की मागे वाट राहायची आणि लगेच बुजायची. उतरवू की नको? पुस्तिका चाळायला हात चिकट होते. रत्नागिरीला सकाळचे सात वाजले होते, म्हणून आईला फोन लावला.

"ताटलीवर थेंब टाक," ती म्हणाली. "थोडा थांब. कडेने पाणी सुटतंय का?"

"सुटतंय."

"मग कशाला विचारतेस? ढवळ."

फोन ठेवला आणि हात पुसून पान उघडलं. लिहिलं होतं: ताटलीवर थोडं घ्यावं, कडेभोवती पाण्याची रिंग सुटेनाशी झाली की तयार. आईने ती पुस्तिका जन्मात पाहिलेली नाही. मी इतकी वर्षं तिच्या कामाला 'अंदाज' म्हणत आले होते.

आणखी चाळीस मिनिटांनी थेंब जागच्या जागी बसून राहिला. आठ बरण्या भरल्या, तोंडं ओल्या फडक्याने पुसली, वर चपटं झाकण, त्यावर फिरकीचं कडं. या फिरकीच्या बरण्यांचं पेटंट जॉन मेसन नावाच्या माणसाने १८५८ साली घेतलं, म्हणून त्या मेसन जार. पाण्यातून काढून टॉवेलवर मांडल्या आणि दिवा मालवून बसले. आता काम बरण्यांचं होतं. आतली वाफ निवते, पोकळी होते, झाकण आत ओढलं जातं आणि टक्कन वाजतं. पहिलं टक् लगेच आलं. मग दोन पाठोपाठ. मी मोजत होते. सहावं येईस्तोवर चहा निवला. सातवं झोपायला उठले तेव्हा, पाठमोरी असताना.

आठवी सकाळपर्यंत वाजलीच नाही. मधोमध बोट दाबलं तर झाकण खाली जाऊन परत वर येत होतं. बहुधा काठावर एखादा कण राहिला असावा. ती फ्रिजमध्ये न ठेवता तशीच टेबलावर घेतली आणि तव्यावर पोळी टाकली.