शंभर मिलिमीटरची रेघ

शंखजिरं! आपली टाल्कम पावडर ज्या दगडापासून होते ते शंखजिरं निर्जंतुक करतात, सलाइनमध्ये कालवतात आणि कॅन्सरच्या रुग्णाच्या छातीत सोडतात. हे वाचलं आणि मी खुर्चीतून उठलेच. तेव्हापासून जी वाचत सुटलेय ती अजून थांबलेली नाही. घरातली मंडळी मी चष्मा लावताना दिसले की खोली बदलतात, म्हणून आता तुम्हालाच धरलंय.

निमित्त आत्याचं. स्तनाचा कॅन्सर, त्यात छातीत पाणी. सुईनं काढलं की थोडे दिवस बरं, मग पुन्हा जिन्यात धाप. हे पाणी फुफ्फुसाच्या आत नसतंच मुळी! एक पातळ आवरण फुफ्फुसावर, दुसरं बरगड्यांच्या आतल्या अंगाला, आणि दोहोंच्या मध्ये निरोगी माणसात जेमतेम दोन-चार चमचे द्रव. ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या की सरकतात पण सुटत नाहीत, तशी ही जोडी. द्रव सतत पाझरतो आणि बरगड्यांकडच्या आवरणातल्या लसिकावाहिन्या तो शोषून घेतात. कॅन्सरच्या पेशी तिथे पोचल्या की पाझर वाढतो, निचरा तुंबतो, आणि चमच्यांचं लिटर होतं.

बरं, धाप कशानं लागते? फुफ्फुस दाबलं जातं म्हणून, असंच कुणीही सांगेल. पण ऑस्ट्रेलियात पर्थला गॅरी ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लक्ष वळवलंय ते श्वासपटलाकडे. पाण्याच्या भारानं हा वर फुगलेला स्नायू खाली ढकलला जातो, सपाट होतो, कधी तर चक्क उलटा होतो. अशा ताणलेल्या स्नायूनं श्वास ओढायचा कसा? म्हणून तर पाणी काढल्यावर फुफ्फुस फारसं फुगलेलं नसतानाही माणूस ‘हुश्श’ म्हणतो.

शंखजिरं काय करतं, तर दोन्ही आवरणांना दाह आणतं. ती एकमेकींना चिकटतात आणि पाणी साठायला जागाच उरत नाही. ही पावडर छातीत पहिल्यांदा वापरल्याचं 1935 साली प्रसिद्ध केलं कोणी? नॉर्मन बेथ्यून यांनी! कॅनडातले शल्यविशारद, स्वतः क्षयातून उठलेले. त्यांच्यासमोर कॅन्सरचं पाणी नव्हतं. फुफ्फुसाचा रोगट भाग कापण्याआधी आवरणं चिकटवून घ्यायची होती. पुढे ते चीनमध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करताना 1939 मध्ये वारले, आणि त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. शांतारामबापूंचा त्यांच्यावरचा 1946 चा चित्रपट मी लहानपणी पाहिलाय. आत्याच्या उपचारांचा माग काढत मी कोटणीसांच्या दारात पोचेन, हे स्वप्नातही नव्हतं!

असो, मुद्द्यावर येते. शंखजिऱ्यासाठी रुग्णालयात राहावं लागतं. दुसरा मार्ग म्हणजे सिलिकोनची मऊ नळी. ती कातडीखालून नेऊन छातीत बसवून ठेवतात, बाहेरच्या टोकाला झडप असते, आणि घरचं माणूस किंवा नर्स बाटली जोडून घरीच पाणी काढते. यातलं बरं काय? ब्रिटनमधल्या सात रुग्णालयांनी 106 रुग्णांवर ‘टाइम-2’ नावाची चाचणी केली. 2012 मध्ये ती छापून आली. आणि मोजलं काय, ऐका. रक्तातलं काही नाही, एक्स-रेवरचं नाही. रुग्णाच्या हातात 100 मिलिमीटरची एक रेघ दिली. डावं टोक म्हणजे धाप अजिबात नाही, उजवं म्हणजे याहून जास्त असूच शकत नाही. आज कुठे आहात तिथे खूण करा. रोज, 42 दिवस! ज्यांचं आयुष्य बहुधा महिन्यांतच मोजायचं, त्यांना रोज ‘श्वास कसा आहे’ विचारायचं आणि उत्तर पट्टीनं मोजायचं. विज्ञान इतकं साधं आणि इतकं अदबीनं वागू शकतं?

निकाल: नळीवाल्यांची सरासरी 24.7, शंखजिरेवाल्यांची 24.4. म्हणजे बरोबरी! पण सुरुवातीला रुग्णालयात काढलेले दिवस नळीत मध्यक शून्य, शंखजिऱ्यात चार. शंखजिरेवाल्यांपैकी 22 टक्क्यांना पुन्हा छातीत काही ना काही करावं लागलं, नळीवाल्यांत 6 टक्के. मात्र नळीवाल्यांत 40 टक्क्यांना काहीतरी त्रास झाला, दुसऱ्या गटात 13 टक्क्यांना. फुकट काहीच नाही.

पुढे पर्थवाल्यांनी ‘ॲम्पल’ चाचणीत मुख्य मोजमापच ठरवलं: उरलेल्या आयुष्यातले, किंवा फार तर वर्षभरातले, किती दिवस रुग्णालयात गेले? नळीत 10, शंखजिऱ्यात 12. फरक छोटा आहे, पण मला तो प्रश्नच आवडला. त्यानंतरची ‘ॲम्पल-2’ 87 जणांची: नळीतून रोज पाणी काढायचं की धाप लागेल तेव्हाच? श्वासात फरक नाही. पण रोज काढणाऱ्यांपैकी 37 टक्क्यांचं पाणी 60 दिवसांत आपोआप थांबलं, दुसऱ्या गटात 11 टक्क्यांचं. आणि नळीतूनच शंखजिरं सोडलं तर? तेही करून पाहिलंय ब्रिटनमध्ये, 2018: 35 दिवसांत 43 टक्क्यांची आवरणं चिकटली; नुसत्या नळीत 23. घरी राहून! (फुफ्फुस पुन्हा फुगतच नसेल तर मात्र आवरणं भेटणार कुठे? अशांना नळीच कामाची.)

काल रात्री ‘टाइम-1’ हाती लागली. शंखजिऱ्याचं काम दाहावर चालतं, मग दाह कमी करणारी इबुप्रोफेन दिली तर सगळं फुकट जाईल, अशी डॉक्टरांना धास्ती. 320 रुग्णांवर पाहिलं. इबुप्रोफेनवर 23 टक्के अपयश, अफूवर्गातल्या वेदनाशामकांवर 20. धास्ती खरी ठरली नाही. दुखणंही जवळपास सारखंच, फक्त इबुप्रोफेनवाल्यांना मधूनमधून जादा औषध लागलं. त्याच चाचणीत शंखजिरं सोडायच्या जाड आणि बारीक नळीचीही तुलना होती. बारीक नळी थोडी कमी दुखते, पण चिकटवण्यात ती जाडीच्या तोडीची आहे असं सिद्ध करता आलं नाही: अपयश 30 टक्के, जाडीत 24. दुखणं मोजलं कशावर? पुन्हा तीच रेघ!