एक, दोन की तीन?

सोळा आकडे तेच, एक्सेलची शीट तीच. सूत्राच्या शेवटी 2 होता तिथे फक्त 1 लिहिला आणि उत्तर 0.30 वरून थेट 0.0002 वर आलं! गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारची ही गोष्ट. तेव्हापासून भेटेल त्याला हे सांगत सुटले आहे. आईला सांगून झालं, कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसणाऱ्या मुलीला सांगून झालं. आता तुम्ही ऐका.

भोसरी एमआयडीसीत टी ब्लॉकमधल्या एका लहान कारखान्यात मी क्वालिटीला आहे. आमच्याकडे 20 मिलिमीटर व्यासाच्या पिना ग्राइंड होतात आणि मोशीवरून, इंद्रायणी ओलांडून चाकणला जातात. ड्रॉइंगवर लिहिलंय: विसाच्या वर शून्य ते पंधरा मायक्रॉन. डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे आमची सगळी इज्जत त्या केसाच्या पाचव्या हिश्शात. आणि चाकणहून तक्रार आली की काही पिना पंधराच्या वर आहेत. आमच्या रिपोर्टवर सगळ्या आत! ते एअर गेजवर मोजतात, आम्ही डिजिटल मायक्रोमीटरवर. मग आमच्याकडेही एअर गेज आणला, आठ पिना घेतल्या आणि दोन्हींवर मोजल्या.

विसाच्या वर किती मायक्रॉन, ते आकडे हे. मायक्रोमीटरवर 2, 9, 5, 12, 7, 4, 11, 6. एअर गेजवर 4, 10, 8, 13, 9, 6, 12, 8. सरासरी एकीकडे 7, दुसरीकडे 8.75. फरक पावणेदोन मायक्रॉनचा. आता हा फरक खरा, की आठच पिना घेतल्यामुळे योगायोगानं दिसलेला?

याचं उत्तर द्यायला टी-टेस्ट असते, एवढं मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. एक्सेलमध्ये सूत्र टाकायचं: पहिली रांग, दुसरी रांग, मग 2, मग पुन्हा 2. शेवटचा 2 कशासाठी, हे कधी कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. उत्तर, म्हणजे पी-व्हॅल्यू, आलं 0.30. म्हणजे दोन्ही गेज सारखेच आहेत असं धरून चाललं, तरी एवढा किंवा याहून मोठा फरक नुसत्या योगायोगानं दिसण्याची शक्यता शंभरात तीस. फरक सिद्ध होत नाही. मी रिपोर्ट तयार केला आणि सहीसाठी स्टँडर्ड रूममध्ये नेला.

तिथे नाना बसतात. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवलं आणि एवढंच विचारलं, “पोरी, पिना त्याच ना?”

“हो नाना, त्याच आठ.”

“मग त्यांना अनोळखी माणसांसारखं काय वागवतेस? दोनाच्या शेजारी चार बसलाय, नवाच्या शेजारी दहा. जोड्या आहेत त्या. वजाबाकी कर.”

केली. 2, 1, 3, 1, 2, 2, 1, 2. आठही पिनांवर एअर गेज वरच! एकही उणे नाही, एकही शून्य नाही. अंगावर काटा आला. पिना आपापसातच दोनपासून बारापर्यंत पसरलेल्या होत्या आणि त्या गोंगाटात पावणेदोन मायक्रॉनचा आवाज बुडून गेला होता. जोडीजोडीनं वजाबाकी केली की पिनेचं स्वतःचं लहानमोठेपण निघून जातं, उरतो तो फक्त गेजचा फरक. फरकांचं प्रमाण विचलन जेमतेम 0.7, त्याला आठाच्या वर्गमुळानं भागलं की 0.25. पावणेदोनला पाव मायक्रॉननं भागा. सात! सुट्या नमुन्यांच्या हिशेबात तोच टी 1.09 होता. सूत्राच्या शेवटी 1 लिहायचा तो जोडीसाठी, हे मला त्या क्षणी कळलं.

नानांनी कपाटातून 20 मिलिमीटरचा स्लिप गेज काढला, पुसला, थोडा वेळ टेबलावर ठेवला आणि आमच्या मायक्रोमीटरमध्ये धरला. 19.998. मायक्रोमीटर दोन मायक्रॉन कमी दाखवत होता! त्या आठ पिनांनी हेच केव्हाचं सांगितलं होतं. ते ऐकायचं तर कोणती टेस्ट लावायची, तेवढंच ठरायचं राहिलं होतं.

त्या रात्री मला झोप नाही. टी-टेस्ट आली कुठून हे शोधायला बसले, तर ती निघाली कारखान्यातूनच! विल्यम गॉसेट हा डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत नोकरीला होता. बार्ली आणि हॉप्स तपासायचे तर हाताशी नमुने चारदोनच, आणि तेव्हाचं संख्याशास्त्र मोठ्या नमुन्यांवर बेतलेलं. त्यानं 1908 मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावानं निबंध छापला. त्यातलं उदाहरण काय असावं? दहा रुग्ण, झोपेची दोन औषधं, प्रत्येक रुग्णाला दोन्ही दिलेली. वजाबाकी जोडीजोडीनं. नानांची पीन म्हणजे गॉसेटचा रुग्ण!

मग 3 म्हणजे काय? हे मला कामावरच सापडलं आणि सगळ्यात जास्त आनंद त्याचा आहे.

आमच्याकडे बुशचं बोअर दोन सीएनसींवर होतं, एक जुनं आणि एक नवीन. जुनं मेंटेनन्सला जाणार होतं म्हणून त्याचे सहाच जॉब मिळाले, नव्याचे तीस. सरासरीत चार मायक्रॉनचा फरक. जोड्या नाहीत, कारण जॉब वेगळे, म्हणून मी 2 लावला. उत्तर 0.02 च्या आत. फरक खरा, जुन्याचा ऑफसेट बदला! तेवढ्यात पसारा बघितला. नव्याचं प्रमाण विचलन 2 मायक्रॉन, जुन्याचं 8. चौपट! आणि 2 लिहिणं म्हणजे काय, तर दोन्ही मशीनचा पसारा एकच आहे असं मानून दोघांची एकत्र सरासरी काढणं. त्यात तीस जॉबवाल्या शहाण्या मशीननं सहावाल्याचा अवखळपणा झाकून टाकला होता. शेवटी 3 लिहिलं, म्हणजे ज्याचा पसारा त्याच्यापाशी ठेवला, आणि टी 2.5 वरून 1.2 वर उतरला, पी-व्हॅल्यू 0.28. चार मायक्रॉनचा फरक त्या सहा जॉबांवरून सिद्ध होतच नाही. जुन्या मशीनचं दुखणं सरासरीचं असल्याचा पुरावा नव्हता, पसारा मात्र समोर दिसत होता. नुसता ऑफसेट हलवून तो थोडाच कमी झाला असता?

दोन गट, पसारा वेगवेगळा, सरासरी सारखी आहे का? ऐकायला किती साधा प्रश्न! पण यानं मोठमोठ्यांना घाम फोडलाय. संख्याशास्त्रात त्याला बेहरन्स आणि फिशर यांच्या नावानं ओळखतात. त्याच्याविषयी वाचता वाचता एका ओळीवर मी थबकले. त्यावरच्या फिशरच्या कसोटीसाठी लागणारी कोष्टकं 1938 मध्ये ‘सांख्या’ या भारतीय नियतकालिकात मांडली ती सुखात्मे यांनी. आपले डॉ. पां. वा. सुखात्मे! जन्म 1911, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव, शिक्षण फर्ग्युसनमध्ये, मग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात. पुढे अन्न आणि पोषणाच्या संख्याशास्त्रासाठी जग त्यांना ओळखू लागलं. एक्सेलचा 3 वेल्च या दुसऱ्या संशोधकाच्या वाटेनं जातो, सुखात्मेंची वाट फिशरची. वाटा दोन असल्या तरी प्रश्न तोच, माझ्या दोन सीएनसींचा. कॅल्क्युलेटरच्या हँडलला हात लावून एकेक किंमत काढणारा साताऱ्याचा विशीतला मुलगा माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

त्यांचं आणि वि. गो. पानसे यांचं शेतीतल्या कामासाठीचं संख्याशास्त्राचं इंग्रजी पुस्तक आहे, 1954 चं. मी ते मिळवून वाचते आहे. आमचं घर खेड तालुक्यात. वडील कांदा करतात आणि तो चाकणच्या बाजारात जातो. नवीन बियाणं आलं की ते अख्खं एका शेतात कधीच टाकत नाहीत. प्रत्येक वाफ्याचे दोन भाग करायचे, अर्ध्यात जुनं, अर्ध्यात नवं. “माती वाफ्यागणिक बदलते,” म्हणतात. पुस्तकात प्लॉटची आखणी वाचताना मी त्यांना फोन केला आणि म्हटलं, अण्णा, तुम्ही वर्षानुवर्षं 1 लिहिताय! त्यांना काय बोलतेय ते कळलं नसेल, पण वाफ्यांबद्दल ते अर्धा तास बोलले.

आता मी कुठलाही आकडा हातात आला की आधी तो जन्मला कसा ते विचारते. मापून आलाय की मोजून? गो–नो गो गेजवर जॉब बसतो किंवा बसत नाही. तिथे सरासरी कसली काढणार? तिथे मोजणी. मग काय-स्क्वेअर, कार्ल पिअर्सनची, 1900 सालची. मोजणी अगदीच थोडी असेल तर फिशरची नेमकी कसोटी. तीन पुरवठादारांचं कास्टिंग असेल तर दोन-दोनच्या तीन टी-टेस्ट लावत बसायचं नाही, कारण दर वेळी शंभरात पाच चुकांची मुभा घेतली की तिन्ही मिळून ती चौदाच्या आसपास जाते. त्याला ॲनोव्हा. आणि रनआउटसारखं माप, जे शून्याखाली जाऊच शकत नाही, एका बाजूला ढीग आणि दुसरीकडे लांब शेपूट, तिथे नमुना लहान असेल तर आकड्यांऐवजी त्यांचे क्रम लावून बघणारी मान-व्हिटनी. या प्रत्येकीचं वेगळं घर आहे, आणि मी अजून उंबऱ्यावरच उभी आहे.

पण मोजणीचं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. फर्स्ट शिफ्टला बुशचं रिजेक्शन 3 टक्के, नाइटला 6. मीटिंगमध्ये ही टक्केवारी फळ्यावर लागली आणि सगळ्यांच्या नजरा नाइटच्या पोरांकडे वळल्या. टक्केवारीवर काय-स्क्वेअर लागत नाही, मूळ मोजणी लागते, एवढं मी आता शिकले होते. दोनशेत सहा आणि दोनशेत बारा असते, तर उत्तर 2.09 आलं असतं, ‘शंभरात पाच’च्या मुभेची 3.84 ची रेघ फार लांब. आमचे होते चारशेत बारा आणि चारशेत चोवीस. टक्के तेच, पण उत्तर 4.19. रेघेच्या पलीकडे, जेमतेम. मी उड्या मारत नानांकडे गेले.

त्यांनी पुन्हा तसाच छोटा प्रश्न विचारला. “ते चोवीस एकमेकांपासून सुटे आहेत का?”

काय-स्क्वेअर असं धरून चालते की प्रत्येक जॉब आपल्या नशिबानं बसतो किंवा जातो, शेजारच्याचा त्याच्याशी संबंध नाही. मी लाइन इन्स्पेक्टरचं रजिस्टर घेऊन बसले. प्रत्येक रिजेक्ट जॉबपुढे वेळ लिहिलेली असते आणि ती आजवर कुणी वाचली नव्हती. फर्स्ट शिफ्टचे बारा आठवडाभर विखुरलेले. नाइटच्या चोविसांतले तेराही तसेच, कधी बारा वाजता, कधी पहाटे. उरलेले अकरा मात्र एकाच रात्रीचे, एकाच मशीनचे, सव्वादोन ते पावणेतीन, सलग. ऑपरेटर म्हणाला, “ताई, त्या दिवशी इन्सर्टचं टोक उडालं होतं, बोअरमध्ये डोकावल्यावर लक्षात आलं.” मी सेटरचं टूल कार्ड काढलं. पावणेतीनला इन्सर्ट बदलल्याची त्याची सही तिथे होती.