शाळेजवळची खोली

घोडेगांवच्या आमच्या वाड्याची पुढची ओसरी अजून उभी आहे. माजघराचें छप्पर मात्र गेल्या पावसाळ्यांत खालीं आलें. दिवाळीला सारीं भावंडें जमलीं, तेव्हां बोलणें त्या छपराचें निघेल असें मला वाटलें होतें. निघालें तें पुण्याच्या खोल्यांचें.

“वहिनी, नारायण पेठेंतल्या त्या दोन खोल्या आतां विकून टाकूं,” धाकटे भाऊजी म्हणाले. “जवळपास इतक्या शाळा आहेत कीं, गिऱ्हाईक शोधावें लागणार नाहीं, असें दलाल म्हणतो. भाडेकरू तेवढा नको. जागा मोकळी पाहिजे.”

हा भाडेकरू आमच्याच तालुक्याचा. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरांत महादेव कोळ्यांच्या वाड्या आहेत, त्यांपैकीं एका वाडीचा. तो दुसऱ्याची मोटार चालवितो, बायको दोन घरचा स्वयंपाक करते. त्याच आठवड्यांत तिनें मला फोन केला होता. “आजी, भाड्याचा कागद कचेरींत नोंदवून द्याल का? पोरगी जूनमध्यें पहिलीला जाईल. कागद नोंदवलेला नसेल तर तिचा अर्जच होत नाहीं.” विचारून सांगतें, असें मीं तिला म्हटलें होतें. भाऊजींचें बोलणें ऐकून ती गोष्ट माझ्या ओठांवर आली आणि, खरें सांगावयाचें तर, तेथेंच राहिली.

त्या खोल्या आमच्या घरांत कशा आल्या, हें मीं सासूबाईंच्या तोंडून अनेकदां ऐकलें आहे. घोडेगांव हें आंबेगांव तालुक्याचें ठाणें. कचेरी आणि कोर्ट गांवांत, म्हणून आजेसासऱ्यांनीं वकिलीसाठीं येथें वाडा बांधला. त्या काळीं घराला मोल होतें तें कचेरीमुळें. पण मुलगे शिकावयाचे ते पुण्यालाच, हेंहि ठरलेलें. न्यू इंग्लिश स्कूल 1880 सालीं निघालें, हुजूरपागेंतील मुलींची शाळा 1884 सालीं; तेव्हांपासून आमच्यासारख्या घरांचा ओढा तिकडे. ऐपत नसलेलीं मुलें वार लावून जेवत, माधुकरी मागत आणि शिकत. आपल्या मुलांवर तो प्रसंग येऊं नये म्हणून सासूबाईंनीं पेठेंत बिऱ्हाड केलें. सासरे गांवींच राहिले. महिन्यांतून एकदां एस. टी.नें यावें, पीठ-मसाले भरून ठेवावे, परत जावें. अशीं अकरा वर्षें गेलीं. पुढें मालकानें त्या खोल्या विकावयास काढल्या, तेव्हां हातांतल्या पाटल्या मोडून त्यांनीं त्या घेतल्या. आमच्यासाठीं शाळेनें कधीं हद्द आंखली नव्हती. आम्हींच घर उचलून शाळेपाशीं नेलें. वाडा ओस पडला तो त्यामुळें, ही कबुली मात्र आमच्यांत कोणी कधीं दिली नाहीं.

हद्दीची गोष्ट मला प्रथम कळली ती भाऊजींच्या थोरल्या मुलाकडून. तो अमेरिकेंत, न्यू जर्सी राज्यांतील एडिसन येथें असतो. त्या गांवांत सरकारी हायस्कुलें दोन. कोणत्या रस्त्यावरचें मूल कोणत्या शाळेंत जावयाचें, हें नकाशावर ठरलेलें. घर घेतांना त्यानें स्वयंपाकघरापेक्षां तो नकाशाच अधिक निरखून पाहिला आणि पसंतीच्या बाजूला तेवढ्याच खोल्यांसाठीं बरेच जास्त डॉलर मोजले. तिकडे शाळांचा मोठा खर्च आपल्या घरपट्टीसारख्या करांतून चालतो. म्हणजे जेथें घरें महाग तेथें शाळा संपन्न, आणि शाळा संपन्न म्हणून घरें आणखी महाग. सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनीं 1999 सालीं बोस्टनच्या उपनगरांवर एक निबंध प्रसिद्ध केला. हद्दीच्या अलीकडचीं आणि पलीकडचीं घरें त्यांनीं ताडून पाहिलीं. शाळेचे परीक्षेंतील गुण शेंकडा 5 नीं अधिक असले, तर घराला पालक शेंकडा 2.5 अधिक देतात, असें त्यांना आढळलें. एका आळींत रेघ ओढली म्हणून घराची किंमत बदलावी, याचें मला तेव्हां हसूं आलें होतें. नारायण पेठेच्या दलालाचें बोलणें ऐकल्यावर तें ओसरलें.

आपल्याकडेहि आतां एक रेघ आहे. शिक्षणहक्काचा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. अल्पसंख्याकांच्या शाळा सोडून इतर विनाअनुदानित खाजगी शाळांनीं पहिल्या वर्गांत शेंकडा 25 जागा दुर्बल व वंचित घरच्या मुलांस द्यावयाच्या, आणि त्यांच्या फीची भरपाई सरकारनें करावयाची. जागा थोड्या, अर्ज फार, म्हणून सोडत निघते. तींत शाळेपासून 1 किलोमीटरच्या आंत राहणाऱ्यांचा हक्क पहिला. 3 किलोमीटरपर्यंतच्यांचा त्यामागून. अर्जाबरोबर संगणकावरील नकाशांत आपल्या घराची खूण करावी लागते. अनुसूचित जमातीच्या मुलाला उत्पन्नाची अट नाहीं. पण पत्त्याची अट कोणालाच चुकत नाहीं, आणि भाडेकऱ्याचा पत्ता म्हणजे नोंदविलेला करार. रोख भाडें घेऊन कागदाचें नांव न काढणारे मालक पुष्कळ असतात. आम्हीहि त्यांतलेच!

मध्यंतरीं ही रेघ उलटीच फिरविण्यांत आली होती. ज्या खाजगी शाळेपासून 1 किलोमीटरच्या आंत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला या जागांतून मोकळीक देणारा नियम राज्य सरकारनें फेब्रुवारी 2024 मध्यें काढला. भर पुण्यांत, जेथून एवढ्या अंतरांत अशी शाळा सांपडणार नाहीं, असें ठिकाण कोणीं काढून दाखवावें! मुंबई उच्च न्यायालयानें मे महिन्यांत त्या नियमास स्थगिती दिली आणि 19 जुलै 2024 रोजीं तो रद्द केला. तोंवर शाळा सुरू होऊन महिना लोटला होता.

भाऊबीजेच्या दिवशीं फराळ आटोपल्यावर मीं तो फोन सर्वांना सांगितला. भाऊजी म्हणाले, “तिला महापालिकेची शाळा जवळच आहे. तेथें कां नको?”

प्रश्न खोटा नव्हता. मी स्वतः तसल्याच शाळेंत शिकलें आणि पुढें तसल्याच शाळेंत शिकविलेंहि. तरी मी म्हणालें, “भाऊजी, शाळा घोडेगांवांतहि होती. तुम्हांला सासूबाईंनीं पुण्याला कां नेलें?”

ते पानाला चुना लावीत बसले. उत्तर दिलें तें वकील पुतणीनें. ती म्हणाली, “काकू, यांत उपकाराचा प्रश्नच नाहीं. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या 55 व्या कलमाप्रमाणें करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी मालकाचीच आहे. न नोंदवणें हाच गुन्हा. आणि नोंदवलेल्या करारानें जागा जाते ही नुसती धास्ती; मुदत त्यांतच लिहिलेली असते.” इतकीं वर्षें आम्ही ज्याला सावधगिरी म्हणत होतों, तो कायद्याचा भंग होता. भाऊजींना हें पटावयास दोन दिवस लागले. किमतीचा आंकडा त्यांनीं कागदाच्या पाठीमागें तीन वेळां मांडला. अखेर म्हणाले, “बरें, अकरा महिने. मग पाहूं.”

कागद झाला. माझी सही, माझा अंगठा, यंत्रापुढें फोटो. अर्ज भरतांना ती मुलगी आईच्या फोनवरच्या नकाशांत आमची खिडकी शोधीत होती. खिडकी कांहीं दिसेना, म्हणून ती रुसली. सोडत अजून निघाली नाहीं. अकरा महिन्यांनीं भाऊजी पुन्हां दलालाला बोलावतील, हें मला ठाऊक आहे. त्या वेळीं मी काय म्हणेन, तें मात्र ठाऊक नाहीं.

येथें घोडेगांवांत परवां डोंगरांतल्या एका गांवची बाई दारांत आली होती. दोन मुलें गांवच्या शाळेंत घालावयाचीं आहेत, ओसरीलगतची खोली भाड्यानें द्याल का, म्हणून विचारीत होती. वाड्यांतील खोलीला कोणी भाडें देऊं केल्याचें माझ्या आठवणींत हें पहिलेंच. छपरासाठीं सुतार उद्यां बघून जाणार आहे.