पारधिणीचा गाल

कराड,
१२ जुलै

चि. पमी,


तुझं पत्र मंगळवारी आलं. चार वेळा वाचलं. लेबर रूममधल्या पहिल्याच आठवड्यात तू जे पाहिलंस, सिस्टरांनी टेबलावरच्या बाईच्या मांडीवर मारलेली चापट आणि ते ठेवणीतलं वाक्य, 'नवऱ्याजवळ जाताना लाज नाही वाटली, आता ओरडतेस?', ते वाचून मला धक्का बसला असं लिहिलं तर खोटं होईल. ते वाक्य मी ३४ वर्षांच्या नोकरीत ऐकत आले. आणि तुला आज सांगते, बोललेही आहे.

१९९१ मधली एक नाईट. ड्युटीवर मी एकटी, सोबत एक मावशी, डॉक्टर क्वार्टरवर. तीन बायका एकाच वेळी कळा देत होत्या. त्यातली एक पारधी वस्तीवरची, विशीतली, तिसरं बाळंतपण. बाळाचं डोकं दिसू लागलं आणि ती उठून बसायला लागली. मी तिला मागे ढकललं. ऐकेना, तेव्हा गालावर मारलं. बाळ सुखरूप झालं, खणखणीत रडलं. सकाळी बीपी बघायला मी हात पुढे केला, तर तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

तिचं नाव मी विचारलंच नव्हतं. केसपेपरवर होतं, पण रात्रभर मी तिला 'ए बाई' म्हणत होते. आणि बसायला बघत होती ते तिचं बरोबरच होतं. उताणं झोपवलं की पिशवीचा भार कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर येतो. बसून, उकिडवं होऊन जोर लावणं तिच्या आईआजीला ठाऊक होतं. मला टेबल सोयीचं होतं, एवढंच.

पंधरा दिवसांनी त्याच टेबलावर एका अधिकाऱ्याची सून आली. तिने वॉर्ड डोक्यावर घेतला, मला लाथसुद्धा मारली. मी तिची पाठ चोळत होते, 'ताई, झालंच आता' म्हणत होते. म्हणून पमी, 'कामाचा ताण असतो, तोल जातो' असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. ताण खराच आहे. पण माझा तोल सुनेसमोर गेला नाही, पारधिणीसमोर गेला. लुगडं, बोली, आडनाव, सोबत कोण आलंय, हे आपण दारातच वाचतो. बुरख्यातली बाई आली की 'कितवं गं?' हा प्रश्न निराळ्या सुरात निघतो. कुणाच्या अंगावर हात टाकला तर चौकशी लागणार नाही, हे हाताला आधीच कळलेलं असतं.

२०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक अभ्यास आला होता. घाना, गिनी, म्यानमार आणि नायजेरियातल्या दवाखान्यांत संशोधकांनी २,०१६ बायकांची बाळंतपणं शेजारी थांबून पाहिली. ८३८ जणींच्या वाट्याला मार, शिव्या किंवा भेदभाव आला. सगळ्यात जास्त कधी? बाळ होण्याआधीचा अर्धा तास आणि नंतरची १५ मिनिटं. कमी वयाच्या, न शिकलेल्या बायकांना अधिक. त्यांनी मोजलेल्या त्या अर्ध्या तासात मीही उभी होते.

आणि या बायकांना दवाखान्यात या, या म्हणून बोलावलं कुणी? आपणच. जननी सुरक्षा योजना २००५ ची. तेव्हा देशात शंभरातली जेमतेम ३९ बाळंतपणं दवाखान्यात होत. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा ८९ च्या घरात गेला. आशाताईने हाताला धरून आणलेल्या बाईला आपण दारातच तोडून बोलायचं, मुलगा झाला की बक्षिसी मागायची, मुलगी झाली की तोंड फिरवायचं!

आपली बाजू मला माहीत नाही असं समजू नकोस. राउंडला डॉक्टर सगळ्यांसमोर आपल्याला बोलतात, आपण मावशीला बोलतो, मावशी बाळंतिणीला. तिच्याखाली कुणी नसतं. ११ महिन्यांच्या कंत्राटावरची मुलगी सीनिअरला काय बोलणार? तुला गप्प बसावं लागलं, यात तुझा दोष मी धरत नाही. पण रात्रपाळीला दोन सिस्टर द्या म्हणून भांडायचं आणि चापट थांबवायची, ही दोन वेगळी कामं समजू नकोस.

आता तू विचारलंस, करू काय. त्या क्षणी वाद घालू नकोस, बाईच्या उशाशी जाऊन उभी राहा आणि तिचा हात धर. कुणी बघतंय म्हटलं की उगारलेला हात खाली येतो. नाव विचार. आत तपासण्याआधी सांग, तिचा होकार घे. पाणी दे. चीर द्यायची सवय लागू देऊ नकोस; सरसकट चीर नको, वरून पोट दाबणं नको, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट लिहिलंय. तिची आई किंवा सासू, जी तिला हवी असेल ती, आत येऊ दे. सरकारच्या २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात सोबतिणीची तरतूद आहे. त्या तरतुदीचा कागद इनचार्ज सिस्टरांकडून मागून घे, भांडताना हाताशी असू दे.

१८६३ मध्ये पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते तुम्हाला नर्सिंगच्या वर्गात शिकवतात का गं? विधवांनी तिथे यावं, बाळंत व्हावं, त्यांचं नाव गुप्त राहील, असं त्यांनी जाहीर केलं होतं. मला तरी आपल्या कामाचं पहिलं पान तेच वाटतं.

सोबतीण आत घ्यायची तर आडोसा लागेल. तुमच्याकडे दोन टेबलांमध्ये पडदे नाहीत असं लिहिलंयस. माझ्या जुन्या सुती साड्या धुऊन, मधोमध शिवून ठेवल्या आहेत. चार टेबलं असतील तर तीन पुरतील ना? रुंदी मोजून कळव, शनिवारच्या एसटीने पाठवते.

तुझी,
मावशी