खरखर राहू दे

भोकरच्या एका सैतवाळ घरात भक्तामर स्तोत्राची जुनी कॅसेट आहे. घरातील आजोबांनी ती स्वतःच्या आवाजात भरली, तीही वीज गेलेली असताना, सेलवर चालणाऱ्या टेपरेकॉर्डरवर. आजोबा आता नाहीत. पतवंडांनी पाठ त्यांच्याच आवाजावरून शिकावा, ही आजींची इच्छा. म्हणून दशलक्षण पर्वाच्या तोंडावर नातवाने कॅसेट संगणकावर उतरवून घेतली.

आरंभीचे श्लोक धीरगंभीर; चाळिसाव्या श्लोकाच्या पुढे मात्र तोच आवाज बारीक आणि घाईचा. मुद्रणाच्या वेळी सेल उतरत गेले, फीत मंद सरकली, आणि नेहमीच्या वेगाने वाजवताच स्वर चढला. पहिल्या श्लोकाशी पट्टी जुळवून नातवाने हे सावरले. दुसरा दोष विलक्षण होता. श्लोक सुरू होण्याच्या सेकंद-दोन सेकंद आधी, शांततेतच, त्याची पुसट छाया ऐकू येई. गुंडाळून ठेवलेल्या फितीचे चुंबकत्व शेजारच्या पदरावर उमटते, त्याचा हा परिणाम. आजींचा समज निराळा होता. ‘‘ते आधी मनात म्हणून बघायचे,’’ त्या म्हणत. तो कुणी खोडला नाही.

उरली खरखर. शांततेतील खरखरीचा नमुना घेऊन नातवाने ती सर्वत्र वजा केली. आवाज आरशासारखा स्वच्छ झाला. आजींनी दोन श्लोक ऐकले आणि हात वर केला.

‘‘यात ‘श’ कुठे आहे रे?’’

‘श’, ‘ष’, ‘स’ या उष्म वर्णांचा ध्वनी मुळात घर्षणाचाच. फितीची सळसळ आणि हे वर्ण एकाच उंच कंपनांच्या पट्ट्यात राहतात. संगणकाने एकीबरोबर दुसऱ्यांनाही झिजवले होते. बोलीत शेंगांच्या ‘सेंगा’ झाल्या तरी कुणाचे अडत नाही. पण वसंततिलका वृत्तातील त्या अठ्ठेचाळीस श्लोकांत आजोबांनी अशी एकही चूक कधी चालवून घेतली नव्हती. पाठशाळेतील मुलांना ते त्यासाठी पुन्हा पहिल्या चरणापासून म्हणायला लावीत.

नातवाने ती प्रत पुसली. वेग सुधारलेली, खरखर तशीच ठेवलेली प्रत त्याने आजींच्या फोनवर घातली. पर्वाच्या पहिल्या दिवशी पहाटे सात वर्षांची पणती तिच्या मागोमाग म्हणत होती, आणि आजी प्रत्येक ‘श’पाशी मान हलवीत होत्या.