सुरुंगरोधक

काही दिवसांपूर्वी आम्ही युक्रेनच्या युद्धावरील एका दीर्घ लेखाचे मराठी भाषांतर करीत होतो. तत्त्वचर्चेची पाने विनासायास पार पडली आणि लेखणी अडली ती एका गाडीपाशी. अमेरिकेने १९ ऑगस्ट २०२२ रोजी जाहीर केलेल्या लष्करी साहाय्यात ४० ‘मॅक्सप्रो’ गाड्या होत्या. कोशाच्या आधाराने आम्ही ‘सुरुंगरोधक चिलखती वाहने’ असे लिहिले आणि पुढे गेलो; पण मन काही पुढे जाईना.

वास्तविक ‘सुरुंग’ हा शब्दच मोठा प्रवासी आहे. संस्कृतातील ‘सुरुङ्गा’ ग्रीक ‘सिरिंक्स’वरून आली, असे अनेक विद्वान मानतात. लाक्षागृहातून पांडव निसटले ते अशाच भुयारातून. तेथे सुरुंग तारणारा आहे. १६६० साली मोगलांनी चाकणचा बुरूज उडवला, तोही सुरुंगानेच. तारण्यापासून मारण्यापर्यंतचा हा अर्थपालट आम्ही वर्गात चवीने शिकवत आलो आहोत. (परीक्षेत मात्र तो कोणी लिहीत नाही.)

या गाड्यांचे कुळ शोधू गेलो तर ते थेट दक्षिण आफ्रिकेत पोचते. तेथील ‘कॅस्पिर’ १९७० च्या दशकाच्या अखेरीस तयार झाली. तिचा तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा निमुळता, जमिनीपासून उंच. स्फोटाचा दाब दोन्ही बाजूंना निसटावा आणि आतला माणूस वाचावा अशी योजना. हीच गाडी पुढे वर्णद्वेषी राजवटीच्या पोलिसांनी कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत फिरवली. चिलखताला आपण कोणाला वाचवतो आहोत हे कळत नाही, एवढे आम्ही समासात लिहून ठेवले. २००७ साली इराकमध्ये रस्त्याकडेच्या बॉम्बांनी सैनिक मरू लागले असता अमेरिकी संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी अशा गाड्यांना अग्रक्रम दिला. हजारोंनी बनलेल्या त्या गाड्या युद्ध ओसरल्यावर नकोशा झाल्या. काही अमेरिकेतल्या पोलिसांकडे गेल्या, काही अफगाणिस्तानातच मोडीत निघाल्या. इराकच्या रस्त्यांसाठी घडवलेली ती जड, उंच धुडे मग युक्रेनच्या काळ्या मातीत उतरली. तेथे पावसाळ्यात चाके रुततात. जून २०२३ मध्ये ओरिखिवच्या दक्षिणेस दाट सुरुंगक्षेत्रांत चिलखती गाड्यांचे ताफे अडकले. आणि आता मृत्यू येतो तो वरून, ड्रोनच्या रूपाने. म्हणून सैनिक छपरावर लोखंडी जाळ्या जोडतात. दात्याने जुन्या युद्धाचे कवच द्यावे आणि घेणाऱ्याने ते नव्या युद्धात ठिगळे लावून वापरावे, असा हा व्यवहार. तरीही अशा गाड्यांतून माणसे जिवंत बाहेर आली आहेत, हे विसरून उपहास करणे आम्हांस शोभणार नाही.

आमचा एक जुना विद्यार्थी गडचिरोलीत पोलीस दलात आहे. आम्ही त्याला दूरध्वनी करून शब्द विचारला. तो क्षणभर थांबला.

“सर, ‘रोधक’ नका लिहू. गाडी सुरुंगाला अडवत नाही. तो फुटतोच. आतल्याचं काय होतं, एवढाच प्रश्न असतो.”

“मग तुम्ही काय म्हणता तिला?”

“एमपीव्ही. पण आम्ही शक्यतो पायीच जातो, सर. गाडी मजबूत केली की ते दारू वाढवतात.”

१ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळच्या स्फोटात १५ पोलीस आणि चालक मृत्युमुखी पडले. ते साध्या खासगी गाडीत होते. त्यांच्यातल्या दोघांबरोबर आपण जेवलो होतो, हे त्याने जाता जाता सांगितले. तीस वर्षे शब्दार्थ शिकवणाऱ्या आम्हांस त्यावर बोलायला शब्द सुचला नाही. “जपून राहा रे,” एवढेच म्हणालो.

भाषांतरात आम्ही ‘सुरुंग सोसणारी गाडी’ असा बदल केला. संपादकांनी तो ‘बोजड वाटतो’ म्हणून खोडला. छापून आलेल्या अंकात ‘सुरुंगरोधक’ आहे. विद्यार्थ्याला अंक पाठवायचा की नाही, हे अजून ठरलेले नाही. पाकिटावर पत्ता मात्र लिहून ठेवला आहे.