गोल चेहरा, खोल कूळ
स्क्लेरोसिंग न्यूमोसायटोमा. गाठीचं नाव भारदस्त, पण बाई स्वभावानं गरीब. फुप्फुसातच जन्मते, तिथंच सावकाश वाढते आणि बहुधा कुणाच्या वाटेला जात नाही. मुक्काम जास्त करून मध्यमवयीन बायकांकडे, पुरुषांकडे क्वचित. आशियात तिची ये-जा अधिक. सिगारेटशी तिचं काही देणंघेणं नाही.

टापटिपीचा तिला भारी सोस. भलत्याच कारणासाठी छातीचा एक्स-रे काढावा, तर ही आपली गोल, रेखीव कड राखून ऐटीत बसलेली. कधी थोडा खोकला, कधी थुंकीतून रक्त, एवढीच तिची कुरकूर. तीही सगळ्यांकडे नाही. तरी फुप्फुसात गोळा म्हटल्यावर घरच्यांचं धाबं दणाणतं.

बाहेरून इतकी शिस्तीची, पण आतून चार तऱ्हांची. काचपट्टीवर पाहिलं तर कुठं बोटांसारखे उंचवटे, कुठं पेशींची दाटी, कुठं टणक तंतू आणि कुठं रक्ताची तळी. ही सगळी सोंगं बहुतेकदा एकाच गाठीत.

त्या रक्तानंच भल्याभल्यांना चकवलं. १९५६ साली लीबो आणि हबेल यांनी तिचं वर्णन केलं, ते रक्तवाहिन्यांच्या घराण्यातली म्हणून. पुढं कुणी तिला फुप्फुसाच्या आवरणाची लेक ठरवलं, कुणी चेता-अंतःस्रावी पेशींच्या गोतावळ्यात नेऊन बसवलं. बाईनं मात्र कितीतरी वर्षं ताकास तूर लागू दिली नाही.

अखेर रंगानं बिंग फोडलं. टीटीएफ-१ हे थायरॉइड आणि फुप्फुसाच्या पेशींत आढळणारं प्रथिन. ते असेल तिथं तपकिरी रंग चढवणारी चाचणी लावली, तर उंचवट्यांवरच्या चौकोनी पेशींची केंद्रकं तपकिरी झालीच, पण आतल्या गोल पेशींचीही झाली. म्हणजे दोघी एकाच घरच्या. वायुकोश मिटू नयेत म्हणून सर्फॅक्टंट पाझरणाऱ्या पेशी त्यांच्या जवळच्या नातलग. मूळ बहुधा श्वसनमार्गाच्या आदिम अस्तरपेशीत. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानंही हे नातं मान्य केलं. अनेक गाठींत एकेटी-१ या जनुकातला बिघाडही सापडला आहे.

तिची एक खोड मात्र महागात पडू शकते. शस्त्रक्रिया चालू असताना तुकडा गोठवून घाईघाईनं तपासला, की ती हुबेहूब कर्करोगाचा आव आणते. डॉक्टर फसले, तर फुप्फुसाचा गरजेपेक्षा मोठा भाग जाऊ शकतो. क्वचित ती शेजारच्या लसिकाग्रंथीतही जाऊन बसते. पण तेवढ्यानं रुग्णाचं भवितव्य सहसा बिघडत नाही. नीट काढून टाकली, की बहुतेकदा प्रश्न मिटतो.

ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. गाठीचं मात्र खोदून खोदून विचारावं. हिचं कूळ कळलं, म्हणूनच आज एखादी बाई केमोथेरपीच्या धास्तीतून सुटून, जवळजवळ सगळं फुप्फुस शाबूत ठेवून घरी जाऊ शकते.